न टेकणारी रेघ

शेवंताबाईच्या घरी पाण्याचे गिलास सारे सारखे. मुद्दाम सारखे. बाजारातून आणतानाच ती एका छापाचे निवडून आणे, आणि पाहुणा येवो, मीटर वाचणारा येवो नाहीतर रस्त्यावरचा कोणी पाणी मागाले येवो, हाती लागेल तो गिलास ज्याचा त्याचा. याले कारण होतं. तिचा बाप महागू हट्ट्याकडच्या एका खेड्यात राहायचा. तिथल्या चहाच्या टपरीवर त्याचा कप वेगळा, भिंतीतल्या कोनाड्यात पालथा पडलेला. एक दिवस महागूनं तो कप उचललाच नाही. तसाच घरी परतला, आणि मरेपर्यंत चहा पेला नाही. घरात कोणी नवीन माणूस आलं की शेवंताबाई ही गोष्ट सांगे. सून राखी आली तवा तिलेही सांगतली होती, भांडे घासता घासता.

म्हणून मांडणीतल्या एका गिलासाच्या बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिसला, तवा मयुरीचं डोस्कंच फिरलं.

ठिपका होता तिळाएवढा. दुसऱ्या कोणाले दिसला नसता. पण शेवंताबाईच्या या पोरीच्या नजरेतून काही सुटत नसे, आणि दिसलेलं तिच्या तोंडात राहत नसे. अठरा वर्षांची, बारावी अर्ध्यात सोडलेली. मग कापडाचं दुकान धरलं नं सोडलं, झेरॉक्सचं धरलं नं सोडलं. एका मालकाची मीटरपट्टी दोन बोटं आखूड होती, दुसऱ्याची नजर लांब होती. दोघायलेही तिनं गिऱ्हाइकासमोर सुनावलं आणि पायात चप्पल घालून निघून आली.

हा ठिपका लावणाऱ्या वहिनीलेही ती सुनावणारच होती, पण त्या वेळी त्याले डॉक्टरची आज्ञा होती.

दिवाळीनंतर शेवंताबाईच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडचा कॅन्सर. नागपूरले ऑपरेशन झालं, आणि उरलंसुरलं जाळाले जानेवारीत डॉक्टरनं तिले एक गोळी देल्ली, किरणं सोडणारं आयोडीन भरलेली. गोळी देऊन तिले एका खोलीत एकटीले ठेवलं. नर्ससुद्धा दारातूनच बोले. सुट्टी झाली तवा नर्सनं मुलाले, म्हणजे खेमराजले, बजावून सांगतलं होतं की ताटवाटी नं गिलास वेगळा ठेवा, एक हात दूर राहा, आणि घरात लहान लेकरू असेल तर तीन आठवडे त्याले जवळ येऊ देऊ नका. लेकरू तर होतंच. खेमराज-राखीचा सुमेध, दोन महिन्यांचा.

शेवंताबाई स्वतःच मागच्या खोलीत जाऊन बसली. आधी आधी तिले मौजच वाटे. लाइट गेली की दारातून विचारे, "पाह्य बरं मयुरे, चमकून राह्यली का मी?" राखी हसे, ताट उंबऱ्यावर ठेवून मागं सरे. तिकडून सुमेध रडला की म्हातारी इकडून अंगाई म्हणे, आणि ते लेकरू खरंच चूप होई.

तीन आठवडे भरले त्या दिवशी शेवंताबाईनं डोक्यावरून न्हाणं केलं, तेल लावलं, धुतलेलं लुगडं नेसली. आंगणात खेमराज आपल्या जीपखाली शिरून काहीतरी ठोकून राह्यला होता. तो बैहरच्या रस्त्यावर सवारी मारे. राखी सुमेधले मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिच्या तोंडावर भीती होती. ती वाईट बाई नव्हती. पहिलं लेकरू होतं, एवढंच. तिनं नवऱ्याले विचारलं की हे खरंच आंगातून निघून गेलं असेल काय, आतमधलं दिसते थोडीच. खेमराज म्हणाला, नर्सनं सांगतले तेवढे दिवस झाले. तरी राखीचं मन भरेना. कोण्या शिकलेल्या माणसाले विचारा म्हणाली.

जीपखालून खेमराज हसला. "घरातच हाये न सायंटिस. बारावी आधी."

ते 'आधी', म्हणजे अर्धी, मयुरीले बरोबर लागलं. तिनं कुडाची एक काडी मोडली आणि आंगणात उकिडवी बसली. मातीत एक उभी रेघ ओढली, एक आडवी. मग वरून खाली उतरत जाणारी तिसरी.

"एन बराबर एन-नॉट ई टू द पावर मायनस लॅम्डा टी," ती एका दमात म्हणाली, विहारात गाथा म्हणतात तशी. मग राखीले समजावून सांगतलं. एन म्हणजे आता किती उरले. एन-नॉट म्हणजे सुरुवातीले किती होते. लॅम्डा म्हणजे ती चीज किती घाईनं मोडते, आणि टी म्हणजे गेलेला टाइम. हे आयोडीन आठ दिवसांत आधं होते. पुढच्या आठ दिवसांत त्या आध्याचं आधं. मग त्याचंही आधं.

सांगताना तिले बरं वाटून राह्यलं होतं. किती दिवसांनी घरात कोणी तिचं तोंड बंद न करता ऐकत होतं. खेमराजचंही ठोकणं थांबलं होतं.

राखीनं रेघेकडं पाहिलं. खाली येता येता ती रेघ आडवी व्हाले लागली होती, जमिनीच्या रेघेच्या बाजूबाजूनं चालली होती.

"मंग हे टेकते कुठी?"

मयुरीले तेवढंच ठाऊक होतं. त्याच्या पुढचं तिनं ऐकलंच नव्हतं. पण तसं म्हणणं म्हणजे 'आधी' कबूल करणं.

"टेकतच नाई," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे कधीच झिरो होत नाई. दहा वर्सानं पाह्य, थोडकं तं रायतेच. फार्मूला हाये हा. नर्सची गप नोहे."

बोलून तिनं मान वर केली. मागच्या खोलीच्या दारात आई उभी होती. एक पाय उंबऱ्याच्या बाहेर, आंगणात, एक आत. ओठावर हसू तयार होतं, दोन्ही हात लेकराले घ्याले थोडे पुढं आलेले. मयुरीच्या पाहण्यात तो बाहेरचा पाय सावकाश आत गेला. मग दार लोटलं गेलं, कडी न लावता.

मयुरीनं ते पाहिलं, आणि काडी घेऊन रेघ आणखी थोडी पुढं नेली.

दुसऱ्या दिवशी राखी सुमेधले घेऊन लामत्याले माहेरी गेली. थोड्या दिवसांसाठी, म्हणाली. खेमराज दोघायले सोडून आला आणि रात्री जेवताना बहिणीले म्हणाला की जरा तोंडाले आवर घालत जा. मयुरी ताटावरून उठली. मी खोटं बोलली का, ते सांग. खोटं नव्हतंच ते, हीच तर पंचाईत होती.

शेवंताबाई मागच्या खोलीतून बाहेर आली, घरकामाले लागली, पण ठिपक्याचा गिलास तिनं सोडला नाही. तो आता ती स्वतःच वेगळा घासे आणि मांडणीच्या कोपऱ्यात, दुसऱ्या गिलासायपासून बाजूले ठेवे. मयुरी तिच्याजवळ बसली की ती सरके. लामत्याहून व्हिडिओ कॉल आला तर मोबाइलसुद्धा हात लांब करून धरे, जसं काही तिच्या आंगातलं त्याच्यातून पोराले जाईल. सुमेध पालथा पडाले लागला ते तिनं असंच, हातभर लांबून पाहिलं. बसाले लागला तेही.

मयुरी हे पाहत राहिली. रोज वाटे की आज बोलावं. पण बोलावं काय, हे तिच्याजवळ नव्हतं. रेघ तर टेकत नव्हतीच.

मग बुद्धपौर्णिमा जवळ आली, आणि राखीचा फोन आला की सुमेधले सहा महिने भरत आले, त्याचं उष्टावण आपण विहारातच करू. त्यांच्या वॉर्डात तशी रीतच होती. पौर्णिमेच्या खिरीचं पहिलं बोट घरातल्या मोठ्या बाईनं लेकराच्या ओठाले लावायचं. आणि शेवंताबाईचं बोट तर साऱ्या वॉर्डात चांगलं मानत. तिच्या हातचं चाटलेलं लेकरू खाण्यात खोडी काढत नाही म्हणत. शेजारची मंजू, खुद्द खेमराज, मयुरी, साऱ्यायनं पहिली खीर त्याच बोटाची चाटली होती. आता मंजूच आपल्या भाचीसाठी विचाराले आली. शेवंताबाई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दुसरीले सांग वं. माहं बोट दुखते."

मंजू गेल्यावर मयुरीनं आईच्या बोटाकडं पाहिलं. ते बोट मेथीचे देठ पटापट मोडून राह्यलं होतं.

त्याच दुपारी ती बिसेन सरांच्या कोचिंगले गेली.

बाबूलाल बिसेन सर मेडिकल दुकानाच्या वरच्या खोलीत फिजिक्स शिकवत. मागच्या वर्षी ह्याच खोलीत त्यांनी फळ्यावर ती रेघ काढली होती. ती जमिनीले टेकत नाही म्हटल्यावर मयुरीनं उठून विचारलं होतं की सर, मग ते संपते कवा. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, तुह्या तोंडासारखं हाये ते, संपतच नाई. सारे हसले. मयुरीनं कंपासपेटी फेकून मारली. पोराच्या भुवईतून रक्त आलं. सर ओरडले, बैठ जा, मैं बता रहा हूँ. ती बसली नाही. त्या जिन्यावरून उतरली ती कोचिंगले परतली नाही, आणि मग शाळेतही नाही.

आता वर्ग सुटला होता. सर फळा पुसत होते.

"चप्पल बाहर," सर न वळताच म्हणाले. "अब भी याद नहीं रहता."

तिनं चप्पल काढली. उभ्या उभ्याच सारं सांगतलं, आईची गोळी, आंगणातली रेघ, राखी, गिलास, बोट. सांगता सांगता तिचा आवाज चढला, जसं काही सरांचीच चूक होती. सरांनी मधात तोडलं नाही. तिचं झाल्यावर खडू तिच्या हातात देला. तिनं रेघ काढली. जिथं आडवी होऊन लांबत जाते, तिथं खडू थांबला.

"यहीं तक सुना था तूने," सर म्हणाले. "उस दिन दस मिनट और बैठती..."

खडू घेऊन रेघेच्या शेवटाशी त्यांनी टिंबं काढाले सुरुवात केली.

ही रेघ कागदावरची आहे, ते सांगू लागले. कोट्यवधी अणू मोजायचे असतात म्हणून पेन अशी गुळगुळीत चालते. पण अणू म्हणजे दाणे. दाणा आधा होत नाही. शेवटी शेवटी चार उरतील, दोन उरतील, एक उरेल, आणि तो एकही कोण्या दिवशी मोडेल. कोणत्या दिवशी, ते फार्मूला सांगत नाही. फार्मूला गर्दीचं सांगते, एकट्याचं नाही. आणि तेही जेवढं आंगात राहते तेवढ्याचं. बहुतेक आयोडीन तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवीवाटे निघून जाते, म्हणून तर दवाखान्यात ठेवतात. उरलेल्याचं आधं, मग पाव, मग आदपाव, मग छटाक. ते करत करत जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत आले, आणि फळ्याच्या कोपऱ्यात जो आकडा उरला त्याच्यात दशांशचिन्हापुढं शून्यच शून्य होते.

"और सुन," सर म्हणाले. "आलू खाती है न? केला? उसमें पोटॅशियम है, और उसमें का थोडासा टूटता रहता है. तेरे बदन में हर सेकंड हजारों टूट रहे हैं, पैदा हुई तब से. मेरे में भी. तेरे भतीजे में भी. तेरी माँ का बचा हुआ तो उसी में खो जाएगा. अब उस बच्चे को किस किस से दूर रखोगे?"

मयुरी जिना उतरली. दोन पायऱ्या एका वेळी उतरावं असं वाटत होतं, पण ती एकेक पायरी करत गेली. फार्मूला बरोबरच होता. ती फक्त दहा मिनिटं आधी उठली होती.

घरी येऊन तिनं आधी राखीले फोन लावला. राखीनं सारं ऐकलं, मधात रडली थोडी, म्हणाली, मले काय समजते बाई, तू म्हणली म्हणून मी भेली. आत्याबाईच, म्हणजे सासूच, खीर देतील म्हणाली. मग मयुरी आईजवळ बसली. शेवंताबाई खिरीचे तांदूळ निवडून राह्यली होती. मयुरीनं दाण्याची गोष्ट सांगतली, आदपाव-छटाकची सांगतली, आलूची सांगतली. आईनं हात थांबवून नीट ऐकलं.

"म्हणजे सारं गेलं?"

हौ म्हणायचं होतं. एक अक्षर, आणि काम झालं असतं. पण आता कुठं ती सरांकडून पुरं ऐकून आली होती.

"जवळजवळ सारं," मयुरी म्हणाली.

"हौ," आई म्हणाली, आणि सुपातला खडा शोधू लागली.

पौर्णिमेले विहार भरून गेलं होतं. पांढरी लुगडी, पांढरी शर्टं, बाहेर चुलीवर खिरीनं भरलेला मोठा गंज. वंदना झाली. राखी सुमेधले नवं झबलं घालून घेऊन आली होती, सोबत तिची आई तुळसाबाई लामत्याहून आली होती. वाटीत खीर आली. राखी सरळ सासूसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं सुमेधले पुढं केलं, दोन्ही हातांनी.

"घ्या आत्याबाई."

शेवंताबाईचे हात वर आले. मयुरीनं स्वतः पाहिले ते वर येताना. एका हातात वाटी होती, दुसऱ्या हाताचं बोट खिरीवर आलं, आणि तिथंच थांबलं. सुमेधनं तिच्याकडं पाहिलं. मोबाइलमधली म्हातारी त्याले ओळखू आली नाही. त्यानं तोंड वळवून आईच्या मानेत खुपसलं.

शेवंताबाईनं वाटी तुळसाबाईकडं सरकवली. "तुम्ही द्या वो विहिनबाई."

"आई," मयुरी तिच्या कानाशी लागली, "मी सांगतलं न तुले."

"सांगतलं न. आंधीही तूच सांगतलं होतं."

"तवा मले पुरं मालूम नोहतं."

आई रागावलेली नव्हती. रागावली असती तर मयुरीले भांडता आलं असतं. ती हळूच, बाजूच्या बाईले ऐकू जाणार नाही अशी बोलली.

"जवळजवळ म्हणली न तू. माह्या जिवाले चालते बाई, जवळजवळ. त्याच्या व्हटाले नाई चालत."

तुळसाबाईनं बोट बुडवून सुमेधच्या ओठाले लावलं. त्यानं जीभ काढली, चव घेतली, आणि आणखी मागत मान पुढं केली. सारे हसले. कोणीतरी साधू म्हटलं, मग साऱ्यायनं म्हटलं, साधू साधू साधू. सगळ्यात मोठ्यानं शेवंताबाईनं म्हटलं, हातभर लांब उभं राहून.

घरी आल्यावर सारे उन्हानं थकून पडले. मयुरी स्वयंपाकखोलीत गेली. ठिपक्याचा गिलास कोपऱ्यातून काढला, खेमराजच्या दाढीचं पातं घेतलं, आणि तो लाल तीळ खरवडून टाकला. राखेनं घासला, धुतला, आणि बाकीच्या गिलासायमध्ये ठेवून देला. मग सारेच गिलास हातानं इकडचे तिकडं केले, दोनदा, तीनदा, तिच्या स्वतःच्या नजरेलेही ओळखू येणार नाही तोपर्यंत.

चार वाजता शेवंताबाई पाणी प्याले आली. कोपऱ्यात हात गेला, कोपरा रिकामा. तिनं मांडणीतला एक गिलास उचलून बूड पाहिलं. दुसरा उचलला. साऱ्यायचे बूड पाहून झाले.

"माहा गिलास कुठी गेला?"

"सारेच तुहे हायेत," मयुरी म्हणाली. "घे कोणताही."

पुढच्या खोलीत पंख्याखाली सुमेध झोपला होता. शेवंताबाईनं तिकडं पाहिलं. हातातला गिलास जिथून उचलला होता तिथंच जपून ठेवला, आणि ती मोरीच्या काठाशी उकिडवी बसली. दोन्ही हात जोडून तोंडासमोर ओंजळ धरली.

"वतून दे," ती म्हणाली. "वरूनच."

मयुरी घागरीजवळ तशीच उभी राहिली. आईची ओंजळ तशीच होती. उन्हातून आली होती, तहानली होती.

तिनं तांब्या भरला आणि धार धरली. बारीक धरली, सावकाश धरली, तरी पाणी आईच्या बोटांतून सुटून कोपरावरून खाली गळतच राह्यलं.